मागे सरकायला शिकले तो रविवार

जुलैमधला रविवार, हजर आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण, कॉलेजच्या कबड्डी संघातल्या, आणि तिच्या गावी, सिहोऱ्याच्या शेतात भाताची रोवणी करणाऱ्या तिच्या आई-काकू. आज शिकवायला जाताना शाळेच्या वाटेवर भाताच्या ओल्या रोपांचा वास आला आणि सगळं आठवलं. तेव्हा संघाच्या चढाईची जबाबदारी माझ्यावर होती आणि आम्ही हरत होतो. पुढच्या सामन्यातही पकडली गेले, तर सर मला बाहेर बसवणार होते. “वापस येताना पाठ काहून फिरवते वो? रोवणीत मागं मागंच सरकतो ना आपण,” असं म्हणत डावा कोपरा सांभाळणाऱ्या तिनं मला बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, चिखलात उतरवलं. मी धपकन बसलेच. “कॉलेजवाली पोरगी परे तुडवून राहिली,” माझ्याखाली दबलेल्या रोपांकडे बघत काकू हसल्या. दुपारपर्यंत मात्र पाय न पाहता मागची जागा शोधू लागले. पुढच्या सामन्यात गडी टिपून, तोंड समोरच ठेवून मी मध्यरेषेपर्यंत सरकत आले. आम्ही जिंकलो, माझी जागा राहिली. “आता दरसाल रोवणीले येजो,” ती म्हणाली, मी हो म्हटलं. पुढे मी खेळाची शिक्षिका झाले ती तिच्यामुळेच; आजही मुलींना आधी मागे सरकायलाच शिकवते. तिच्या बांधीत रोवायला जायचं तेवढं यंदाही राहिलंय.