गच्चीवरची तपन

अकोल्यात फुकट आणि पोटभर मिळणारी एकच गोष्ट आहे, तपन. पुण्याकडं तिला ऊन म्हणतात. त्यांचं असेल ऊन, आमची तपनच. मे महिन्यात ती डोक्यावर येऊन बसली की कूलर दिवसभर घरघरत राहतो, आणि विजेचं बिल आलं की आमच्या ह्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. असंच एकदा बिल बघून हे म्हणाले, "सोलर लावून टाकू."

"लावा ना," मी म्हटलं. घर थंड राहिल्याशी मला मतलब.

मग जठारपेठेतून सोलरवाला आला. गच्चीवर फिरला, टेप लावला, फोटो काढले. एका कोपऱ्यात जिन्याची खोली अन् पाण्याची टाकी. बाकीची सगळी मोकळी जागा त्याला हवी होती. पॅनल गुडघाभर उंचीवर बसणार, खाली वाकूनही जाता येणार नाही.

"अन् माह्या कुरड्या?"

"कुरड्या दुकानात भेटतात," हे म्हणाले.

"बायकाही भेटतात का पाहा मग!"

सोलरवाला मान खाली घालून टेप गुंडाळत बसला.

खरं सांगायचं तर कुरड्यांचं निमित्त होतं. मला काळजी होती शेजारच्या खालाची; खाला म्हणजे त्यांच्यात मावशी. इथं जुन्या शहरात आमच्या भिंतीला लागून तिचं टिनाचं घर आहे. मी लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हा आमच्या घरात बाईमाणूस नव्हतं; हे आणि सासरे, दोघंच. पहिल्या उन्हाळ्यात हौसेनं कुरड्या करायला घेतल्या, तर गव्हाच्या चिकाच्या गाठीच गाठी झाल्या. ते पातेलं पुढ्यात घेऊन मी गच्चीवर भोकाड पसरलं. आई आठवत होती, दुसरं काय! थोड्या वेळानं खाली दार वाजलं. बघते तर शेवयांनी भरलेलं सूप घेऊन खाला उभी.

"मह्या घरात तपन येत नाही व. तुया छतावर शेवया वाळू घालू दे."

वर आली, पातेलं बघितलं आणि काही न विचारता ओढणी खोचून बसली. चीक कसा घोटायचा, सोऱ्या कसा फिरवायचा, सगळं तिनं शिकवलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझ्या कुरड्या आणि तिच्या शेवया एकाच गच्चीवर. मला टायफॉइड झाला त्या साली माझं सगळं वाळवण तिनंच उरकलं. माहेर लांब असूनही मला पोरकं वाटलं नाही, ते हिच्यामुळं.

आणि आता तिलाच सांगायचं, की जागा नाही? मी ह्यांना म्हटलं, सोलर नको. हे म्हणाले, शेवयांसाठी कोणी सोलर सोडते का? झालं, घरात अबोला. शेवटी मीच खालाकडं गेले. ती दारात भांडी घासत होती.

"खाला, सोलरवाल्याले नाही म्हनून सांगतो आमी. तुमच्या शेवयाले जागा राहत नाही."

खाला हसायलाच लागली. "येडी हायेस व तू! शेवयाले तपन कोन दाखवते? कडक होऊन तुटून जातात. त्या सावलीतच वाळवा लागतात. मह्या खोलीत पंख्याखाली मस्त वाळतात."

आमच्या घरी शेवया नेहमी तिच्याच यायच्या, त्यामुळं मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दर वर्षी ती शेवया घेऊन जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसायची, तेव्हा मला वाटे, माझ्या कुरड्यांना जागा सोडते बिचारी.

"मंग इतके वर्सं वर काहून येत होत्या?"

तिनं राखेनं भरलेला हात पुन्हा भांड्यावर फिरवला. "तू कठड्यापाशी रडत बसली होती ना. नवी पोरगी. वर याले काही तं निमित्त पायजे होतं."

तिथंच पायरीवर बसले आणि डोळे पुसत राहिले. ती म्हणाली, "आता काहून रडतेस? चाय ठेव जा."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "लावा सोलर. पण उंच लावा. खाली दोन बाया बसल्या पाहिजेत." सोलरवाल्यानं वाऱ्याचं कारण काढलं, लोखंड जास्त लागेल म्हणाला. मी ऐकते होय! शेवटी उंच खांब उभे राहिले. कठड्याजवळ कुरड्यांपुरती तपन मी राखून ठेवली, बाकी सगळी पॅनलला दिली.

यंदा मे महिन्यात जिन्यावर पावलं वाजली. एका हातानं गुडघा धरत, दर पायरीला थांबत खाला वर आली. दुसऱ्या हातात शेवयांचं सूप. पॅनलच्या सावलीत तिनं ऐसपैस बैठक मारली.

"काहून खाला," मी विचारलं, "घरचा पंखा बंद पडला का?"

"पंखा चांगला चालू हाय," ती म्हणाली. "पन तो बोलत नाही ना व."