सरूच्या डाव्या कुशीतली कळ

मंडळी, शाळेच्या या फळ्यावर मी रोज बाजारभाव अन् टपालाची खबर लिहितो. आज घरचं लिहितो आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

माझी धाकटी बहीण सरू महिनाभर हिवतापानं पडून होती. परवा डाव्या बरगडीखाली अशी कळ उठली की तिला श्वास घेता येईना. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की आपल्याकडे डाग देतात. आईनं विळा तापवला. सरूचे हात मी धरले.

कळ थांबली नाही. आज सकाळी बैलगाडीनं घाट चढून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं अन् समजावलं, "तापानं पानथरी फुगते. तिला रक्त पुरवणारी नळी तुंबली की तेवढा भाग आतल्या आत मरतो. कळ त्याची आहे. वरून डागून काय होणार? क्विनीन दिलं होतं काय, मास्तर?"

गावचं टपाल माझ्याकडे, म्हणून हिवतापावरच्या क्विनीनच्या सरकारी पुड्याही मीच विकतो. क्विनीन गरम पडतं म्हणून आई नको म्हणाली, अन् मी ऐकलं.

सरू वाचेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. निघताना मी तिचा हात हाती घेतला, तर ती दचकली. "भाऊ, हात सोड ना. मले डाग नोको देऊ."

आईला तिच्यापाशी ठेवून मी परत आलो. पुड्या टपालाच्या पेटीत आहेत, शाळा उघडी आहे. तुमच्या घरी आज कोण तापानं पडलं आहे?