नवव्या दिवशी तुटलेली चावी

सुतकात देवपूजा बंद असते. मागच्या वर्षी आमचे हे गेले, तेव्हा देवघरावर पडदा ओढला गेला आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे बघायची इच्छाच उरली नव्हती. लग्न होऊन आले तेव्हापासून गुरुवार धरला, आजारपणातही मोडला नाही, आणि त्याचं फळ काय? पहाटे ह्यांच्या छातीत कळ आली. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा गिलास घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो गिलास हातात तसाच राहिला.

मोताळ्यात आमची पिठाची चक्की. ह्यांचा दिवस तिथेच जायचा. आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं, आणि तेही कशावरून, तर दाराच्या कुलपावरून. पुढचं दार लोखंडी आहे, कुलूप त्यातच बसवलेलं. एक चावी कधीचीच हरवली होती, उरलेली पार झिजून गेली होती. हे दाराला खांदा लावून दार जरासं वर उचलायचे आणि मग चावी फिरवायचे. मला काही ते साधायचं नाही. त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन मी अर्धा तास ओट्यावर ताटकळले आणि हे आल्याबरोबर तोंड सोडलं. माझी जीभ पहिल्यापासूनच फटकळ. साऱ्या गावाचं दळण दळता, अन् बायकोचं एक कुलूप नीट करणं होत नाही तुमच्यानं, असं शेजारपाजारच्यांसमोर बोलले. ते नुसते हसले. "येत्या बाजाराले होते तुयं काम," एवढंच म्हणाले. असे किती बाजार आले न् गेले, म्हणून मी आणखी टोचलं. ते गुपचूप जेवले आणि झोपले. आमच्यातलं ते शेवटचं बोलणं.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याला ठेवलं होतं तिथे जमिनीवर पीठ पसरतात, त्यावर दिवा लावतात, वात दक्षिणेकडे करून. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही. पीठ आमच्याच चक्कीचं होतं, ह्यांच्या हातचं शेवटचं दळण. नणंदबाई म्हणाल्या, आळीपाळीनं बघू, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. दर दोन तासांनी तेल घालायचं, वात सारायची. देवाशी अबोला होता, पण ह्या दिव्याशी नव्हता. जिवंतपणी शेवटचा शब्द कडू बोलले, निदान हा दिवा तरी नीट सांभाळीन, एवढाच हट्ट मी धरून बसले होते.

नवव्या दिवशी दुपारी नणंदबाईंना एकदम घाम सुटला, साखर खाली गेली. मुलानं रिक्षा बोलावली, पण ती गल्लीत शिरेना. तेल घालायची वेळ झालीच होती. म्हटलं, नणंदबाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवते आणि आल्यावर घालते. आदल्या दिवशी एक कुत्रं पिठाच्या वासानं थेट आत आलं होतं, म्हणून दाराला कुलूप लावलं. मोबाइल आतच राहिला. मुलगा त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला, मी परत आले, चावी घातली. फिरेना. खांदा लावून पाहिला. मग मला राग आला, कुलपाचा, ह्यांचा, देवाचा, आणि सगळा जोर त्या चावीवर काढला. कट्‌ असा आवाज झाला. मूठ माझ्या हातात आणि दांडा कुलपात.

खिडकीला गज आहेत. गजांतून दिवा दिसत होता, पण चांगला दहा हातांवर. शेजारचे भाऊजी धावत आले. फटीत लोखंडी सब्बल घालून पाहिली, दाराला पोचा पडला, पण ते हललं नाही. तेव्हा ते म्हणाले, आज बाजार आहे, चावीवाले चाचा बसले असतील, घेऊन येतो. गाडीला किक मारून ते गेले. मी गज धरून उभी राहिले. ज्योत आधी पिवळी होती, मग लहान झाली. नऊ दिवसांचा अबोला मी तिथे मोडला. दत्ता, बाकी काही मागत नाही, दार उघडेपर्यंत तेवढा दिवा ठेव, असं मोठ्यानं म्हटलं. लोक ऐकतात ह्याची लाज वाटली नाही. वातीचं टोक लाल झालं, थोडा धूर निघाला, आणि दिवा माझ्या डोळ्यांदेखत विझला. तेव्हा मला रडूही आलं नाही. हा देव माझं ऐकत नाही, एवढीच एक गोष्ट मनात घट्ट बसली.

चाचा आले. म्हातारे, दाढी पांढरी, खांद्यावर अवजारांची पिशवी. त्यांनी कुलपात बारीक तेल सोडलं, करवतीचं पातं घालून तुटका दांडा हळूहळू बाहेर ओढला, तारेनं कुलूप उघडलं. मी आत जाऊन त्या विझलेल्या दिव्यापुढे बसले. दिव्याशेजारी ह्यांचा हार घातलेला फोटो होता. उजेड आत आला तसे चाचा दारातच थांबले. त्यांनी फोटो निरखून पाहिला.

"हे त चक्कीवाले भाऊ हायेत," ते म्हणाले. "कवा गेले?"

भाऊजींनी सांगितलं. चाचा खाली उंबऱ्यावर टेकले, पिशवी उपसली आणि लाल दोरा बांधलेली एक नवी चावी काढली.

"दोन बाजार झाले, भाऊ आले होते माह्याजवळ. साबणावर चावीचा छाप घेतला म्या. म्हणे, चाचा, बायकोच्या हाताले लय जड जाते, अशी बनव की एका बोटानं फिरली पाह्यजे. मांगच्या बाजाराले वाट पाह्यली म्या, आले नाहीत. तवापासून पिशवीतच हाये."

येत्या बाजाराले होते तुयं काम. ते टाळत नव्हते. चावी तेव्हा करायला दिलेलीच होती, आणि मी चारचौघांत बोलत असताना हे हसत उभे होते. नऊ दिवस अडकून बसलेलं रडू तेव्हा फुटलं. चाचा उठून गेले नाहीत, समजूतही काढली नाही. मी शांत झाल्यावर हळूच म्हणाले, "भाभी, इझला त लावून घ्या दिवा. लावाले काय लागते?"

मी त्याच पिठावर, त्याच पणतीत तेल घातलं आणि दिवा लावला. संध्याकाळी गुरुजींना विचारलं, तर तेही म्हणाले, ह्यात दोष नाही. तेरावा झाल्यावर देवघराचा पडदा सारला. महाराजांपुढे बसले, पण तक्रार करायला तोंड उघडेना. मी दिवा मागितला होता, तो त्यांनी दिला नाही. मला जे मागायचं सुचलंही नसतं, ते मात्र घरी पाठवलं. ते त्यांनीच पाठवलं का, असं कोणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. चावी तुटली नसती तर चाचा आमच्या दारी आले नसते, एवढं मला माहीत आहे. आता मागताना मी हट्ट धरत नाही. द्यायचं ते द्या, म्हणते आणि उठते.

ह्यांचं जाणं काही त्यानं हलकं झालं नाही. घर रिकामं ते रिकामंच आहे. नवी चावी खरंच एका बोटानं फिरते, दाराला खांदा लावायची गरज पडत नाही. तरी बाहेरून आले की मी आधी खांदा लावते, ते लावायचे तिथेच, आणि मग कुलूप उघडते.