आधी हात लावा, गार हाय का बघा

हसनचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होते. त्यांची मुलगी रुबिना एवढंच म्हणाली, "ताई, अब्बा गेले... चहा पिता पिता." मी बाहेर आले, हात पुसले आणि हातातलं काम तसंच टाकून निघाले. काम अर्धं टाकलेलं चाचांना कधी खपायचं नाही. त्या दिवशी मात्र इलाज नव्हता.

मी मुरगूडची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. झाले आणि शाहूपुरीत चाचांकडे लागले. काम काय, तर जुन्या रेसगाड्यांची खरेदी-विक्री. शर्यतीतून बाद झालेल्या, एकाच माणसाला बसता येईल अशा गाड्या चाचा कुठून कुठून शोधून आणायचे, दुरुस्त करून उभ्या करायचे आणि शौकिनांना विकायचे. माझे वडील एकदा दुकान बघायला आले आणि माझ्यावरच उखडले, "एवढं शिकून भंगारात बसलीस व्हय?" चाचांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "भंगार न्हवं दादा, रिटायर पैलवान हैत ह्ये. वय झालंय, पर उभं ऱ्हायलं की बघणारा थांबतोय." वडील हसले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

चाचांची विकायची रीत जगावेगळी. गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळपासून गाडीला कुणी हात लावायचा नाही. पाहुणा आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "पावणं, आधी इंजनाला हात लावा. गार हाय का बघा. तापल्यालं इंजन कुणाचंबी चालतंय." दुसरी रीत त्याहून अवघड. गाडीला कुठं मार लागलाय, ते सगळ्यात आधी दाखवायचं. जाहिरातीतही तेच पहिल्या ओळीत. मी भांडायचे, "चाचा, स्थळ बघायला आलेल्यांना कुणी आधी उणं सांगतं का?" त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच लग्नं मोडत्यात की!"

त्यांनी शेवटची उभी केलेली गाडी निळी. बेळगावच्या एका पाहुण्यांनी ती बोलून ठेवली होती. चाचा गेल्यावर त्यांचाच फोन आला, "ताई, राग नको. आम्ही चाचांच्या शब्दावर गाडी घेत होतो. आता शब्द कुणाचा?" मी म्हटलं, "एकदा या. मग नाही म्हणा." फोन ठेवला, पण तो प्रश्न काही जाईना. ही गाडी पडून राहिली असती, तर दुकान चाचांबरोबरच गेलं असं सगळ्या शाहूपुरीनं धरलं असतं.

पाहुणे आले. मी त्यांना आधी वाकून सांगाड्याचा पुढचा भाग दाखवला. "इथं एकदा जोरात धडक बसलीय. हे पाइप नवीन आहेत, मूळचे नाहीत." त्यांनी पाइपांवरून बोट फिरवलं. मग मी मागचं, इंजिनावरचं कव्हर उचललं. "हात लावा. गार आहे का बघा." त्यांनी हात लावला, "गार आहे," म्हणाले आणि माझ्या सांगण्यावरून स्वतःच स्टार्टर दाबला.

पहिल्या झटक्यात गाडी उठली नाही. दुसऱ्यातही नाही. अशा वेळी चाचा सबबी सांगत नसत, हाताची घडी घालून उभे राहत. मीही तशीच उभी राहिले. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, थरथरलं आणि असं गरजलं की समोरचा चहावाला किटली घेऊनच बाहेर आला. पाहुणे माझ्या कानाशी ओरडले, "नेली की ओ, ताई!"

शटरजवळ चाचांची खुर्ची आहे. एका मोडलेल्या रेसगाडीची सीट, खाली लोखंडी पाय जोडलेले. इतकी अरुंद की त्यांच्याशिवाय कुणी नीट मावत नसे. ते गेल्यापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. निळी गाडी ट्रकवर चढून गेली आणि दुकानातला फोन वाजला. मी त्या खुर्चीत बसले आणि उचलला. पलीकडून आवाज आला, "हसनचाचा हैत का? एक गाडी बघायची हुती."

"चाचा नाहीत आता," मी म्हटलं. "गाडी गार ठेवते. तुम्ही या."