माझं हव, डॉक्टरचं हं

माझ्या तोंडात खाली डावीकडे एक दाढ आहे. तिच्यावर मी अजून सुपारी फोडते. तिच्या शेजारचा दात हलायला लागला, जेवताना कळ यायला लागली, म्हणून सून मला गोंदियाला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दात काढायचा, दाढ ठेवायची. एवढंच काम होतं.

डॉक्टर पोरगेलासा, पुण्याकडचा, नुकताच इकडे आलेला. प्रत्येक वाक्याला हं लावायचा. "बसा हं आजी." "मान मागे घ्या हं." आमच्याकडे हं म्हटलं म्हणजे ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. मी दोनदा सांगितलं, "बसली ना मी!"

"छान हं," तो म्हणाला.

त्याने दात ठोकून पाहिले आणि बोलायला लागला. हिरड्या, मुळं, हाड, कवळी. मी प्रत्येक वाक्याला "हव", म्हणजे हो, म्हणत होते. गावात कुणी बोलत असलं की हव म्हणत राहावं लागतं, नाहीतर विचारतात, "झोपली का वो?" माझी सासू गोष्ट सांगायची तेव्हा हव थांबलं की गोष्ट थांबायची. राजपुत्र विहिरीत अर्ध्यावर लटकत राहायचा. हव म्हणजे कान उघडे आहेत. पटलं, असं कोण म्हणतं? माझी सून गोंदिया शहरातली, ती हेच काम "अच्छा"वर चालवते. तिच्या अच्छाचा अर्थ मान्य असा असता, तर आमच्या वरणात कधी लसूण कमी पडला नसता.

डॉक्टरला वाटलं, हव म्हणजे पटलं. त्याने सुई टोचली. ओठ जड झाला, अर्धी जीभ गेली. सून बाहेर बाकावर. मग तो नर्सला म्हणाला, "आजी तयार आहेत. आज हा दात आणि ही दाढ, दोन्ही काढू. बाकीचे पुढच्या वेळी. मग पूर्ण कवळी."

मी ओरडले, "नाई!" पण तोंड उघडं आणि जीभ मेलेली. बाहेर आलं, "आई!"

"झालं हं आजी, झालं."

"आई! आई!"

"आईची आठवण येते ना? येणारच. इथे भलेभले रडतात."

माझी आई जाऊन किती वर्षं झाली. जिवंत होती तेव्हाही मी दुखलं म्हणून तिला हाक मारली नाही. ती वरून आणखी एक ठेवून द्यायची.

मग मी उरलेल्या अर्ध्या जिभेने "च्" केलं. आमच्या घरात च् म्हणजे नाही, विषय संपला. डॉक्टर म्हणाला, "दुखलं का? च्च च्च!" मी पुन्हा च् केलं. त्याने पुन्हा च्च केलं. दोन पाली समोरासमोर चुकचुकाव्यात तसे आम्ही.

त्याने गाल बाजूला करायला बोट आत घातलं आणि पकड दाढेकडे आणली. मी तोंड मिटलं.

"आई गं!" तो किंचाळला. त्याची आई मात्र सगळ्यांना ऐकू आली. सून धावत आत आली. "क्या हुआ मांजी?"

डॉक्टर हातमोजा काढून नळाखाली बोट धरून उभा. मी ओठ हाताने धरून एकेक शब्द बाहेर काढला. "हलते तो काढ गा. दाढ कायले काढून राहिला?"

"पण आजी, तुम्ही तर हो हो म्हणालात!"

"हव म्हटलं. ऐकून राहिली होती मी."

त्याने बोटावरची खूण पाहिली. मग वाकून, पण लांबूनच, माझी दाढ पाहिली.

"दाढ मजबूत आहे," तो म्हणाला. "मग फक्त हलणारा दात काढायचा. बरोबर ना?"

"हव."

त्याने पकड उचलली आणि परत खाली ठेवली. हं म्हणायचंही विसरला.

"आजी, हे कोणतं हव?"

"काढाचं हव," मी म्हटलं आणि तोंड उघडलं. तरी आधी त्याने नर्सला बोट घालायला सांगितलं.