पोपटाने घेतलेला पॉज

विंगकाकांना खरं नाव होतं, पण नाटक कंपनीत ते कुणी घेत नसे. चाळीस वर्षं हा माणूस डाव्या विंगेत एका स्टुलावर बसला. मांडीवर नाटकाची वही, वहीवर वीतभर उजेड पाडणारा दिवा, आणि तोंडात कुजबुज. नट अडखळला की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द त्याच्या कानात सोडायचे, तेही असे की पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. टाळ्या नटाला आणि कोरडा घसा काकांना. पण त्यांची तक्रार नसे. "अहो, शब्द माझ्या मांडीवर, तोंड त्यांचं. मी तोंड भाड्याने घेतलंय समजा," असं म्हणून ते स्वतःच खुदकन हसायचे.

प्रॉम्प्टरची खरी कसोटी सांगण्यात नसते, न सांगण्यात असते. नट गप्प झाला, तर तो विसरलाय की त्याने मुद्दाम पॉज घेतलाय? हे अर्ध्या श्वासात ओळखायचं. काका सांगायचे, विसरलेल्या माणसाचा अंगठा हलतो, पॉज घेतलेल्याचा हलत नाही. ही विद्या त्यांना फुकट मिळाली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, शेवटच्या अंकात कंपनीचे मुख्य नट मेलेल्या मुलाचं पत्र हातात घेऊन उभे राहिले. एक क्षण, दोन, पाच. थिएटरात खुर्चीसुद्धा करकरत नव्हती. काकांना राहवलं नाही आणि त्यांनी विंगेतून वाक्य दिलं. पडदा पडल्यावर नटांनी सगळ्या कंपनीसमोर त्यांची गचांडी धरली. "माझा पॉज खाल्लास तू! पुन्हा कुणाच्या पॉजमध्ये तोंड घातलंस, तर जीभ उपटून हातात देईन." काकांनी कानाला खडा लावला. गप्प माणसाच्या मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं ते त्या दिवसापासून.

काकूंची नोकरी नेमकी उलटी. त्यांनी तीस वर्षं एका पाळणाघरात तान्ही पोरं सांभाळली. ज्यांना अजून एक शब्दही फुटलेला नाही अशा पोरांचं पोट दुखतंय की झोप आलीय, हे त्या दुसऱ्या खोलीतून ओळखायच्या. घरी मात्र बोलण्याचं खातं काकांकडे होतं. आयुष्यभर कुजबुजलेला माणूस घरात पाऊल टाकलं की अखंड बोलायचा, आणि काकू भाजी निवडता निवडता 'हं' म्हणायच्या.

दोघंही निवृत्त झाली, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि जाताना पिंजरा ठेवून गेली. आत पोपटाचं साडेतीन महिन्यांचं पिल्लू. अंग हिरवंगार, शेपूट आखूड, बुबुळं काळीभोर.

"बाबा, तुमचं ऐकायला कुणीतरी हवंच असतं," लेक म्हणाली. "आई थकली आता ऐकून."

"तुझी आई कुठे ऐकते?"

"मी ऐकते," काकू म्हणाल्या. "उत्तर देत नाही एवढंच."

पोपटाची जागा काकांनी ठरवली. बैठकीच्या खोलीतली खिडकी, कारण तिथे उजेड चांगला पडतो. काकू म्हणाल्या, तिथे वारा येतो, पिल्लू आहे. काका म्हणाले, नटाला उजेडात ठेवतात, कपाटात नाही. पिंजरा खिडकीत गेला.

आणि काकांनी पोपट वाचायला घेतला, अगदी एखादी नवी संहिता वाचावी तसा. त्यांना बघून तो मान खालीवर करायचा. काका म्हणायचे, "बघ, अभिवादन करतोय." काकू म्हणायच्या, "भूक लागलीय त्याला. आमच्याकडची पोरं बाटली दिसली की अशीच करायची." वाटीत दाणे पडले की मान थांबायची. संध्याकाळी तो एका पायावर बसून चोचीवर चोच घासायचा, कर्रर कर्रर. काका म्हणायचे, "दात खातोय माझ्यावर. सकाळी केळं दिलं नाही ना." काकू न बघताच म्हणायच्या, "झोप आलीय. सुखात आहे तो." पाच मिनिटांत डोकं पंखात. एकदा त्याने मान हिसके देत काकूंच्या अंगठ्यावर अर्धवट चघळलेले दाणे काढले. काका ओरडले, "अगं, ओकला! डॉक्टर बोलाव!" काकू अंगठा तसाच धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर असं हसू, जे काकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ओकला नाही. मला भरवतोय."

"तुला काय माहीत?"

"काहीच माहीत नाही मला," काकू म्हणाल्या आणि अंगठा धुवायला गेल्या.

तीनदा चुकूनही काकांना आपलं काही चुकतंय असं वाटलं नाही. त्यांच्या मते काकूंचा नेम लागत होता एवढंच.

पोपटाला बोलायला शिकवण्याची त्यांची रीतही विंगेतलीच. पिंजऱ्यावर अर्धा पडदा सोडायचा, आपण पडद्याआड बसायचं, म्हणजे पोपटाला सांगणारा दिसू नये. मग कंपनीच्या गाजलेल्या नाटकातलं पहिलं वाक्य कुजबुजायचं. "दिवे लावा, मी परत आलोय." दिवसातून दोनशे वेळा. पोपट खिडकीकडे बघायचा, पडद्याची शिवण उसवायचा. काकू म्हणायच्या, "अहो, समोर बसून बोला त्याच्याशी. तोंड दिसल्याशिवाय त्याला बोलावंसं का वाटेल?"

"प्रॉम्प्टर दिसला की नाटक मेलं."

अडीच महिन्यांनी पोपट बोलला. पण तो बोलला कुजबुजत! "दिवे लावा," एवढंच, घशातल्या घशात, एखाद्याने गुपित सांगावं तसं. पिंजऱ्याला कान लावावा तेव्हा ऐकू यायचं. काकू पोट धरून हसल्या. "घ्या, अजून एक विंगेत बसायला." काकाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तेव्हाच कंपनीच्या जुन्या मंडळींना फोन लावले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीला पन्नास वर्षं झाली होती आणि थिएटरात सकाळी अकरा वाजता समारंभ ठरला होता. मुख्य नटांचा सत्कार, नट्यांचा सत्कार, नेपथ्यवाल्याचासुद्धा. प्रॉम्प्टरचं नाव यादीत नव्हतं. पण पोपटाची बातमी गेली आणि व्यवस्थापकाचा फोन आला, "विंगकाका, पोपटाला घेऊन रंगमंचावर याच! माईक चोचीला लावू." चाळीस वर्षं रंगमंचापासून चार पावलांवर बसलेला माणूस प्रथमच त्यावर उभा राहणार होता. काकांनी कोट धुवायला टाकला. आरशासमोर उभं राहून दोन वाक्यं तयार केली. वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

समारंभाला तीन दिवस उरले आणि पोपट गप्प झाला.

गप्प म्हणजे साफ गप्प. पिसं फुलवून गोळा होऊन बसला, डोळे अर्धे मिटलेले. दाण्यांची वाटी भरलेली दिसत होती. काकूंनी बोट आत घातलं. त्याने ना चोच मारली, ना मान खाली केली.

"ह्याचं काहीतरी बिनसलंय," काकू म्हणाल्या.

"अंगठा बघ त्याचा. पकड कशी घट्ट आहे! हलतोय का? नाही. विसरलेला नाही तो. पॉज घेतलाय."

"पाखरू आहे ते."

"चाळीस वर्षं मी हेच केलंय. मोठं वाक्य यायचं असलं की आधी असंच गप्प व्हावं लागतं. त्याच्या मध्ये पडू नकोस तू."

काकूंनी वाटीत बोट फिरवलं. वर नुसती फोलपटं होती, खाली दाणे जसेच्या तसे. त्यांनी पिंजऱ्याच्या तळाच्या कागदाकडे बघितलं. विष्ठा पाण्यासारखी झाली होती. "पाखरांचा डॉक्टर आहे बाजारामागे," त्या म्हणाल्या. "उद्या नेऊ या."

"सुया टोचून घाबरवेल आणि महिनाभर बोलायचा नाही. तीन दिवस, फक्त तीन दिवस थांब."

खरं तर काकू तेव्हाच पिंजरा उचलून निघू शकल्या असत्या. पण 'हं' म्हणण्याची चाळीस वर्षांची सवय एका दुपारी मोडत नाही. त्यांनी खिडकी बंद केली. काकांनी ती उघडली. काकूंनी पुन्हा बंद केली, तेव्हा काकांनी उघडली नाही. एवढीच त्यांची जीत.

समारंभाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पोपट पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला सापडला. दांडीवर नव्हे, तळाशी, कागदावर. दर श्वासाला शेपूट खालीवर होत होती. काका कोटाची बटणं लावत होते.

काकूंनी टॉवेल इस्त्रीने गरम केला, पाखराला त्यात गुंडाळलं आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे?"

"डॉक्टरकडे."

"अगं, दहाला गाडी येतेय! माईक लावलाय तिथे त्याच्यासाठी! एकपर्यंत थांब. समारंभ झाला की मी स्वतः नेतो, मग तर झालं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते काकांना तेव्हा कळलं नाही. त्या जिना उतरून गेल्या. काकाही गेले असते. दोन पायऱ्या उतरलेही होते. पण खाली भोंगा वाजला. गाडी वेळेआधीच आली होती, आणि ड्रायव्हर दार उघडून उभा होता, असं दार त्यांच्यासाठी आयुष्यात कुणी उघडलेलं नव्हतं.

थिएटर भरलेलं. सत्कार झाले, भाषणं झाली. मुख्य नट आता ऐंशीचे, खुर्चीतच बसून बोलले. मग सूत्रसंचालकाने पुकारा केला, "आणि आता, आपले विंगकाका!" काका चार पावलं चालून उजेडात आले. इतका उजेड असतो इथे, हे त्यांना माहीतच नव्हतं. समोर नुसता अंधार आणि अंधारात श्वास घेणारी माणसं. तयार केलेली दोन्ही वाक्यं गेली.

"पोपट कुठाय, काका?"

काका माईकजवळ वाकले आणि त्यांच्या तोंडून सवयीने कुजबुजच बाहेर पडली. "तो... आजारी आहे. डॉक्टरकडे गेलाय."

 सगळं थिएटर हसत सुटलं. लोकांना वाटलं, काय बिनतोड विनोद आहे! आवाज काय, चेहरा काय! बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. खुर्चीतले नट डोळे पुसत म्हणाले, "अरे, हा गाढव चाळीस वर्षं विंगेत काय करत होता? ह्याला तर आम्ही आत घ्यायला हवं होतं!" पुन्हा हशा. काकांच्या हातात गुच्छ आला. छातीत काहीतरी ऊन ऊन पसरत गेलं. खोटं कशाला सांगायचं, ते सुखच होतं. टाळ्या संपेपर्यंत पाखराची आठवण त्यांच्या मनाला शिवली नाही.

दीड वाजता ते घरी आले. काकू मोरीत पिंजरा घासत होत्या, गुडघ्यावर बसून, एक एक गज. काका दारातूनच सुरू झाले. "अगं, काय झालं सांगू! नुसता बोललो तर सगळं थिएटर... बाल्कनीतून शिट्ट्या! ते काय म्हणाले माहितेय? ह्याला आत घ्यायला हवं होतं म्हणाले!" त्यांनी नकला केल्या, नटांचा आवाज काढला, गुच्छ हवेत फिरवला. सगळं सांगून झालं. मोरीत पाण्याचा आवाज तेवढा उरला.

मग त्यांनी विचारलं, "कसा आहे तो?"

"गेला. अकरा वाजता."

काका स्टुलावर बसले.

"डॉक्टर म्हणाले, ही पाखरं आजार लपवतात," काकू पिंजऱ्याच्या एका गजावरून ब्रश फिरवत म्हणाल्या. "आजारी दिसला की दुसरं कुणी धरून खाईल, ही भीती असते त्यांना. म्हणून सोंग आणतात सगळं ठीक असल्याचं. अगदी जमेनासं झालं की मगच फुलून बसतात. तेव्हाच आणायला हवा होता म्हणाले. पहिल्या दिवशी."

"मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं."

"तू जोर का नाही धरलास? ओरडायचं होतंस माझ्यावर!"

काकूंनी नळ बंद केला, हात पुसले. बैठकीत जाऊन फोन उचलला आणि लेकीचा नंबर फिरवला. काका मोरीच्या दारात उभे राहून ऐकत होते.

"तुझा पोपट गेला गं. हो, आज. फुप्फुसात पाणी झालं होतं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंचा आवाज जराही चढला नाही. पाळणाघरातल्या पोरांच्या आयांना संध्याकाळी दिवसभराचं सांगावं तसा तो होता. "कळलं होतं मला. तीन दिवसांपासून म्हणत होते मी. ह्यांनी जाऊ दिलं नाही. आणि मीही थांबले, ती माझी चूक. आज मात्र थांबले नाही, पण उशीर झाला होता. नाही, रडत नाहीये मी. घे, बाबांशी बोल."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

काकांनी तो उचलला.

"बाबा," लेक म्हणाली, "आई म्हणते ते खरं आहे?"

"हो."

"आणि तुम्ही समारंभाला गेलात?"

"गेलो."

 मग लेकीने विचारलं, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं, "कसा झाला?"

लोटलेल्या दारामागे भांड्याचा आवाज थांबला होता.

"चांगला झाला," काका म्हणाले. "लोक हसले."