दाभोशाच्या गुरुजींचं पुस्तक

पुस्तकांचा नवा गठ्ठा फोडला की शाईचा वास येतो आणि मला अजून दाभोशाचे गुरुजी आठवतात. मुलांच्या घरच्या बोलीत वाचनाचं पुस्तक लिहा, समिती पसंत करेल ते एकच सरकारी खर्चाने छापून सगळ्या शाळांना फुकट वाटू, असा हुकूम एका वर्षी आला. मी तेव्हा सूर्यमाळच्या एका पाड्यावर शिकवत होतो. मी असं पुस्तक लिहिलं, की वाचून बघताना जंगलातले वाघसुद्धा खिडकीशी येऊन बसले! समितीच्या बाई मात्र म्हणाल्या, "गुरुजी, आठ पानांत तुम्ही अकरा वाघ मारलेत. पोरांनी झोपायचं कधी?" पसंत झालं दाभोशाच्या गुरुजींचं. त्यात काय, तर एक मुलगी ओढ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते, बस्स! वर ते गठ्ठे जीपच्या टपावरून मलाच आणावे लागले. एकेक डोंगराएवढा जड. तोंड वाकडं करून मी ते वर्गात वाटले, तर वर्षभर तोंडातून अक्षर न काढलेली एक पोरगी उभी राहिली आणि घडाघडा वाचत सुटली. चिंबोरीने बोट धरलं तिथे तर स्वतःच किंचाळली. वर्ग खदखदून हसला, मी जळून कोळसा झालो. मग ती जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, ही गोष्ट तूच लिवली का?" लिहिणाऱ्याचं नाव मागच्या पानावर छापलेलं होतं. त्यावर अंगठा दाबून मी म्हणालो, "मग? दुसरं कोण लिहिणार!" त्या पाड्यावर आजही ते पुस्तक माझंच आहे, आणि दाभोशाचे गुरुजी बाजारात भेटले की चहाचा आग्रह मीच करतो.